कलाबाई आणि मायचा पाय

आमच्या घरातल्या लेकरांना आता नारू म्हणजे काय ते माहीत नाही, आणि ते बरंच आहे. परवा नातसुनेनं विचारलं, "आजी, तुमच्या आई लंगडत होत्या म्हणे. पडल्या होत्या का?" मी म्हटलं, पडली नव्हती, बस, सांगते. सांगायला लागले तेव्हा लक्षात आलं की पायाचं सांगायचं तर कलाबाईंचं सांगावं लागेल, आणि ते एका चहात आटोपणारं नाही. तिला शाळेत शिकवायला जायची घाई होती. म्हणून तिच्यासाठी लिहून ठेवते आहे.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या अलीकडे, काळ्या रानात. गावाला पाणी पायऱ्यांच्या बारवेचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बाया पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागरी भरायच्या. ज्याच्या पायात नारू असेल तोही त्याच पाण्यात उतरायचा. नारू म्हणजे दोऱ्यासारखा पांढरा, लांबच लांब किडा. तो पाण्यातून पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो आणि मग पायाला फोड आणून तिथून तोंड बाहेर काढतो. हे शास्त्र मला पुढं कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की उन्हं तापली की कुणा ना कुणाच्या पायातून नारू निघणार आणि तो माणूस खाटेला खिळणार. एका वर्षी माझ्या मायची पाळी आली. गावातल्या वैदूनं नारूचं तोंड चिमटीत धरलं आणि कापसाचा पेळू ओढावा तसा ओढला. तो आतच तुटला. मायचा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत फुगला, कातडी चकचकीत झाली आणि तिला वरचेवर ताप यायला लागला. वैदू म्हणाला, बाईचं नशीबच खोटं, मी काय करू. मायलाही तसंच वाटलं असावं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर पुरुष, आणि माय परक्या पुरुषाला पाय दाखवायला तयार नव्हती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, परतूरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं की जालन्याला मिशनच्या गोऱ्या सिस्टरांचा एक लहानसा दवाखाना आहे, तिथं बायांचं दुखणं बायाच बघतात. आमच्या घरात शब्द चालायचा तो थोरल्या काकूंचा. आबांच्या थोरल्या भावाची ही बायको घराचं सगळं सांभाळायची, आणि आबासुद्धा त्यांना विचारल्याशिवाय बैल विकायचे नाहीत. काकूंनी बराच विचार केला आणि परवानगी दिली, पण अटी घालून. "त्यांच्या हातचं खायाचं न्हाई. आपलं पीठ, आपली चूल. गळ्यात कायी बांधायला लागल्या तर बिलकुल बांधून घ्यायचं न्हाई." मग मला जवळ ओढून म्हणाल्या, "सरू, तू संगं जा. सैपाक कर आन् डोळे उघडे ठिव. काय काय शिकवतात ते मला येऊन सांग. तुझी माय भोळी हाय."

मी तेव्हा नुकती परकर सोडून लुगडं नेसायला लागले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बघायचं काम दिलं होतं. मी ते मनापासून केलं. आजवर करते आहे असं माझी सून म्हणते.

परतूरपर्यंत बैलगाडी, तिथून रेल. जालन्याचा दवाखाना म्हणजे कौलारू बैठं घर, समोर लांब ओसरी, ओसरीवर चटयांवर बाया आणि लेकरं, मागं लिंबाचं झाड. झाडाखाली तीन दगडांच्या चुली, रोग्यांच्या माणसांनी रांधायच्या. सकाळी पहिल्यांदा दवाखान्यातली लहान घंटा वाजायची, मग मशिदीतली बांग, मग रेलची शिट्टी, आणि या सगळ्यांच्या मधून सिस्टरांच्या कोंबड्या. मी गावाहून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी थापायची, लसणाचा ठेचा वाटायची, कधी चिंचेचं सार करायची. माय ताप असला की नुसती आंबील प्यायची. औषधाचा जळजळीत वास आणि भाजत्या भाकरीचा वास त्या ओसरीवर एकत्र यायचे. दवाखान्यात कधी गेले की अजूनही मला भूक लागते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसतात.

ज्या सिस्टर मायचा पाय बघायच्या त्यांचं नाव क्लारा. ओसरीवरच्या बायांनी त्यांचं कलाबाई करून टाकलं होतं आणि त्या त्याच नावाला ओ द्यायच्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, तोंडावर उन्हानं उठलेले तांबूस ठिपके, डोक्यावर पांढरं वस्त्र घट्ट बांधलेलं. त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं, त्यात बाजारातले शब्द मिसळलेले. मायला त्या "सरूच्या आई" म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. मायला कुणी अहो-जाहो केलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यांनी फुगलेला पाय औषधाच्या लाल पाण्यानं धुतला, शेकला, पू काढला. पायाची सूज जरा उतरते तोच घोट्याच्या दुसऱ्या बाजूला नवा फोड आला आणि तो फुटून त्यातून दुसऱ्या नारूनं तोंड काढलं. माय रडायला लागली. कलाबाई मात्र खाली वाकून त्याच्याकडे असं बघायला लागल्या की जणू कुणी पाहुणा आला आहे. त्यांनी काडेपेटीतल्या काडीएवढी एक बारीक काटकी घेतली, नारूचं तोंड अलगद तिला गुंडाळलं, एक वेढा दिला, वरून ओली पट्टी बांधली आणि हात धुतले. "आज एवढंच. उद्या आणखी थोडं."

मी विचारलं, "एकदम का न्हाई काढत?"

"तो आत धरून बसतो. ओढलं तर तुटतो. थोडं थोडं घेतलं तर त्याला कळत नाही. जल्दी नको."

मग रोज सकाळी तेच. जेवढा सहज येईल तेवढाच घ्यायचा, जरा ताण लागला की थांबायचं. मी चूल सोडून बघायला यायची. कधी नखाएवढा यायचा, कधी काहीच नाही. काही आलं नाही तरी कलाबाईंच्या तोंडावर तोच भाव असायचा. मला याचं फार नवल वाटायचं, कारण आमच्या घरी कामाला लागलेला प्रत्येक माणूस काम संपेपर्यंत कुणावर तरी ओरडत असे.

माय आणि कलाबाई यांच्या बोलण्याला त्या पट्टीच्या वेळेतच रंग चढला. कलाबाईंच्या बोटात चांदीची साधी अंगठी होती. मायनं एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुमचं लगीन झालंय का?"

"झालं आहे. देवाशी."

मायनं विचार केला. "मंग नांदायला न्हाई गेल्या?"

"नांदतेच आहे की. हे काय," असं म्हणून कलाबाईंनी ओसरीकडे हात केला. तिथं एक लेकरू ओकत होतं आणि दोन बाया चटईवरून भांडत होत्या. मायला हसू आलं. "मंग सासर मोठंच हाय तुमचं," ती म्हणाली.

कलाबाई मोठ्या शेतकऱ्याच्या घरातल्या होत्या, कुठल्यातरी थंड मुलखातल्या. लहानपणी गाई पिळायच्या. ज्वारीची पेरणी कशी करतात, करडीचं तेल कसं निघतं, हे त्या मायला खोदून खोदून विचारायच्या. मायला वाटायचं, एवढ्या शिकलेल्या बाईला तिफणीचं काय कौतुक. पण ती सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज मोठा व्हायचा.

मला सोपवलेलं काम मी विसरले नव्हते. ओसरीच्या टोकाला एक खोली होती. सकाळी घंटेनंतर सिस्टर तिथं जाऊन बसायच्या. दार उघडंच असे, तरी मी खिडकीतून बघायची, कारण काम खिडकीतून बघायचंच आहे असं मला वाटे. आत समोर लाकडाच्या फुलीवर एक माणूस ठोकलेला. हातापायांना खिळे, कुशीला जखम, अंगावर जेमतेम कापड. दवाखान्यात असा माणूस का ठेवला असेल ते मला कळेना. एक दिवस कलाबाई बाहेर आल्या आणि मी खिडकीशी सापडले. पळायच्या ऐवजी मी विचारलंच, "त्याच्या पायाला पट्टी का न्हाई बांधली?"

त्यांनी वळून आत पाहिलं. मला वाटलं, आता रागावणार. त्या म्हणाल्या, "मी लहानपणापासून त्याला बघते आहे. हे माझ्या कधी मनात आलं नाही. मला विचार करू दे." आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेल्या. मोठ्या माणसानं माझा प्रश्न विचार करायला घरी न्यावा, हे मला इतकं चकित करणारं होतं की मी भाकरी करपवली.

मग ती सकाळ आली. उजाडताच एक बाई हगवणीनं सुकलेलं लेकरू घेऊन आली होती. कलाबाई त्याला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत बसल्या. ते त्यांच्या मांडीवरच गेलं. त्याच्या आईला धरून दुसऱ्या सिस्टरांनी आत नेलं. कलाबाई हात धुऊन सरळ आमच्या चटईशी आल्या. फाटकाशी कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. त्यांनी काटकी धरली, वेढा दिला, हाक आली तशी मान वळवली आणि हात पुढं गेला. मी जवळच होते. आवाज काही झाला नाही. काटकी फक्त मोकळी फिरली. त्यांनी खाली पाहिलं, त्यांच्या भाषेत हळूच काही म्हणाल्या, पट्टी बांधली आणि उठून गेल्या. मायनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "कायी न्हाई." मला कळलं होतं, नारू तुटला होता. दिवस कलेपर्यंत मायला हीव भरून ताप आला आणि पाय पुन्हा सुजायला लागला.

दुसऱ्या दिवशी कलाबाई घंटेनंतर त्या खोलीत गेल्या नाहीत. सगळ्यांच्या आधी आमच्याकडे आल्या आणि मायच्या चटईशी उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. हातात पट्टी नव्हती, भांडं नव्हतं.

"सरूच्या आई, काल नारू तुटला तो माझ्या हातानं तुटला. मी घाई केली. तुम्हाला ताप आहे तो त्यामुळे आहे. हे मी कालच सांगायला पाहिजे होतं. मला धीर झाला नाही. मला क्षमा करा."

माय धडपडत उठून बसली आणि पदर डोक्यावर ओढला. "आसं नका करू, बाई. उठा. मला पाप लागंल."

"तुम्हाला नाही लागणार. तुम्ही क्षमा केली म्हणा, किंवा नाही केली म्हणा. दोन्ही बराबर आहे. पण सांगा."

ओसरीवरच्या बाया बघत होत्या. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "काय म्हनू?" मला काय ठाऊक. तिची कुणी माफी मागितलेली मी पाहिली नव्हती, तिनंही पाहिली नव्हती. आमच्या घरी ती मागणाऱ्यांपैकी होती. कलाबाई तशाच बसून होत्या, गोऱ्या गळ्यावर घाम आलेला. शेवटी माय म्हणाली, "केली." इतक्या बारीक आवाजात, जणू दुसऱ्या कुणाची वस्तू उचलते आहे. कलाबाई उठल्या, भांडं घेऊन आल्या आणि नेहमीसारखा पाय धुवायला बसल्या.

योगायोग असा की त्याच दिवशी दुपारच्या रेलनं आबा आले. खांद्यावर पिठाचं गठुडं, पागोट्याला धूळ. ते ओसरीवर चढण्याआधीच कलाबाई त्यांना सामोऱ्या गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी मागं उभी होते. आबांनी ऐकून घेतलं, मायचा पाय बघितला आणि म्हणाले, "सरू, भांडी भर. सांजच्या रेलनी घरी जायाचं."

कलाबाई म्हणाल्या, "पाय आता हलवू नका. आत पू झाला तर कापून काढावा लागेल. गाडीत हिसके बसले तर विष वर चढेल."

"वैदूनं तोडला, तुमीबी तोडला," आबा म्हणाले. ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. "मंग फरक काय ऱ्हायला?"

"काही नाही," कलाबाई म्हणाल्या. "ठेवलं तर मी रोज धुवीन. बरा होईलच असं वचन मी देत नाही."

आबांनी माझ्याकडे पाहून भांड्यांकडे मान केली. मी तवा उचलला. तेवढ्यात माय बोलली.

"मी न्हाई येत."

आबांना वाटलं, तापात बोलते आहे. त्यांनी वाकून तिच्या कपाळाला हात लावला. मायनं तो हात बाजूला केला.

"मी सुदीवर हाय. तुमी इचारलं ना फरक काय, त्यो मी सांगते. वैदूच्या हातून तुटला तवा त्यो म्हनला, बाईचं नशीब खोटं. मला वाटलं, आसंल. हिच्या हातून तुटला तर ही म्हनली, माझ्या हातून झालं. आता ही बाई जे सांगंल ते मला खरं वाटतंय. मला हितं ऱ्हाऊ द्या. पाय गेला तरी हिच्या हातून जाऊ द्या."

मायला आबांपुढं इतकी वाक्यं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बहुतेक आबांनीही नाही. ते चटईच्या कडेला बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि लिंबाकडे बघत राहिले. मी तवा हातात घेऊन तशीच उभी. फाटकापाशी कलाबाई दुसऱ्या एका बाईच्या लेकराचा कान बघत होत्या, पण त्यांचं ध्यान आमच्याकडे होतं हे मला दिसत होतं. मग आबा म्हणाले, "ऱ्हा मंग." जरा वेळानं मला विचारलं, "काय काय शिकवलं गं यांनी तुला?"

मी खूप आठवून पाहिलं. "हात धुवायला," मी म्हटलं.

पायात पू झालाच. कलाबाईंनी तो कापून काढला. मायनं माझं मनगट असं धरलं होतं की त्यावर बोटांच्या निळ्या खुणा उठल्या. काही दिवस पाय राहील की जाईल ते सांगता येत नव्हतं. कलाबाई दुपारीसुद्धा येऊन पाय बघून जायच्या. हळूहळू ताप उतरला, पायाची चकाकी गेली, जखम तळापासून भरत आली. घोटा मात्र आखडला तो कायमचा. कलाबाईंनी तेही आधीच सांगून टाकलं.

त्याच दिवसांत मी त्यांना विचारलं, त्या खोलीत तुम्ही देवाला काय सांगता. म्हणाल्या, "कालचा दिवस सांगते. कुणावर चिडले, कुणाला ताटकळत ठेवलं."

"आन् त्यो काय म्हनतो?"

"बहुतेक वेळा काहीच नाही." मग हसून म्हणाल्या, "नारू तुटला त्या रात्री मात्र मी आत जाऊन बसले आणि मला वाटलं, हे मला काय सांगतेस, जिचा पाय आहे तिला जाऊन सांग. तो बोलला की मीच बोलले, ते मला ठाऊक नाही. पण म्हणून दुसऱ्या सकाळी मी आत गेलेच नाही."

मी बराच वेळ यावर विचार केला आहे. देव त्यांच्याशी बोलत नव्हता आणि तरी त्या रोज जाऊन बसत होत्या, ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही शिकवणुकीपेक्षा जास्त खरी वाटली. मी पुढं औरंगाबादला नर्सचं काम शिकले, चाळीस वर्षं केलं. माझा देव घरचाच राहिला, देव्हाऱ्यातला. पण दिवस संपला की कालचं-आजचं सांगून टाकायची सवय मला तिथली आहे.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यांनी दिलं. मायच्या पायाला शेवटची पट्टी बांधताना मान वर न करता म्हणाल्या, "सरू, तू विचारलं होतंस, त्याच्या पायाला पट्टी का नाही. मला वाटतं, बांधतो आहोत." मला तेव्हा ते कळलं नाही. मी मायच्या पायाकडे पाहिलं आणि म्हटलं, "ही तर मायची हाय." त्या म्हणाल्या, "हो," आणि गाठ मारली.

निघायच्या आदल्या दिवशी कलाबाई आमच्या चुलीशी उकिडव्या बसल्या आणि मायकडून भाकरी थापायला शिकल्या. भाकरी परातीतच फाटली. मायनं ती तशीच तव्यावर टाकली, भाजली, आणि ठेच्याबरोबर अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी मला दिली. थोरल्या काकूंना हे आम्ही सांगितलं नाही.

घरी आल्यावर काकूंनी आमचे गळे तपासले. काही बांधलेलं नव्हतं. त्यांचं समाधान झालं आणि घर पुन्हा पहिल्यासारखं चालू झालं. मग एकदा सकाळी मांजरानं दुधाचं भांडं सांडलं. दार मी उघडं टाकलं असं समजून मायनं माझ्या थोबाडीत मारली. आमच्यात उलट बोलायची रीत नव्हती. थोड्या वेळानं कळलं की दार चुलतभावानं उघडं टाकलं होतं. मी चुलीपुढं बसले होते. माय लंगडत आली, आखडलेला पाय पुढं लांब करून माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सरू, मी तुला फुकट मारलं. माझं चुकलं."

पलीकडे काकू जात्यावर दळत होत्या. त्यांचा हात थांबला. "आता लेकराचीबी माफी मागायची व्हय? कुटं आसतंय आसं?"

माय माझ्याकडेच बघत होती. "आसतंय, जाऊबाई," ती म्हणाली. "मी पाह्यलंय."

काकूंनी जातं पुन्हा फिरवायला घेतलं. ते बराच वेळ नुसतंच घरघरत राहिलं. त्यात दाणे टाकायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.